अलिशाबीचा कातडी डगला

दम्माम,
४ जानेवारी १९९१

७८६

चि. इस्मत हिला मोठ्या बहिणीचा सलाम व अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सारी खुशाल, तुमची खुशाली अल्लाकडे मागते. हे पत्र गुहागरचा भिकू फिटर आणतोय. त्याच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या हाताखाली नोकरी त्या अरबाने, पासपोर्ट परत दिला, तो सुटला. आमच्या हम्मादचा कफील जिद्दाला जाऊन बसलाय आणि पासपोर्ट त्याच्या कपाटात. म्हणजे लढाई पेटली तरी आम्ही इथंच. मेहनाजला आठवा लागलाय. मी आले सुनेचं बाळंतपण करायला आणि करतेय काय, तर खिडक्यांना चिकटपट्ट्या लावतेय! विषारी धूर येऊ नये म्हणून एक खोली अशी बंद केलीय की मुंगी शिरायची नाही. हम्माद म्हणतो, अम्मा, तुझी बडबड तेवढी बाहेर जाते.

पण मी खूष आहे गे. नातवंडाचं तोंड बघायचं म्हटल्यावर लढाई काय नि काय. दुपट्यांना जुनी सुती लुगडी आणलीत, तुझं हिरव्या काठाचंसुद्धा. रागावू नकोस.

शेजारी एक बाई आहे. नवरा कॅनडाचा गोरा इंजिनिअर, ती मात्र काळ्याभोर केसांची, बारीक डोळ्यांची. तिचा मुलूख बर्फातला. नाव एलिसापी, माझ्या जिभेवर अलिशाबी झालं. मेहनाज तिच्याशी इंग्रजीत बोलते, मग मला सांगते. तिनं पेटी उघडून माहेरच्या वस्तू दाखवल्या. एक सुरी अर्ध्या चंद्रासारखी, मूठ शिंगाची. आपल्या विळीचा पाट काढला तर अशीच दिसेल. हाडाच्या सुया. हरणाच्या पाठीतली शीर सुकवून, चिरून केलेला दोरा, तो भिजला की फुगतो नि शिवण घट्ट बसते. आणि कातड्याचा डगला, पाठीला पिशवी असलेला. तिकडच्या बायका त्यात पोर घेतात. तिच्या आईनं शिवून दिलाय, पण अलिशाबीला अजून मूल नाही. टाका बघून मी तोंडात बोट घातलं. सुई आरपार जातच नाही, निम्म्या जाडीतून फिरते, म्हणून पाणी शिरत नाही. मी आयुष्यभर वाकळा शिवल्या, पण असा टाका माझ्या बापजन्मी पाहिला नाही.

मग तिनं फोटो दाखवला. बर्फावर कुत्री बांधलेली, आणि बाजूला ज्याचं कातडं ते जनावर. गोल तोंड, मिशा, थेट कुत्रं! मेहनाज म्हणाली, अम्मा, हा सील, दर्यात राहतो. ती काय, कालची पोर. मी ओल्या हातांनी डगला चाचपला होता, आणि कुत्र्याचा ओला स्पर्श म्हणजे नापाक, सातदा धुवायचं. मी तिथंच तिच्या दारात कुंडीतली माती घेऊन एकदा, आणि नुसत्या पाण्यानं सहा वेळा हात धुतले. अलिशाबी बघत राहिली. मग डगल्याची घडी करून पेटीत ठेवली. चहा ठेवला होता, तो काही बाहेर आला नाही. आपल्या मशिदीतल्या खतीबसाहेबांना विचारून कळव, मी केलं ते बरोबर ना?

तुझी बुबू,
ताजुन्निसा


हर्णै,
१८ जानेवारी १९९१

ती. बुबूस इस्मतचा सलाम, वि. वि.

रेडिओ लावायची भीती वाटते आणि बंद ठेवायचीही. मेहनाज कशी आहे ते आधी कळव.

तुझं पत्र वाचून दाखवलं तर खतीबसाहेब हसले. म्हणाले, दर्यातलं जनावर आपल्यात पाक, तिला म्हणावं माती कुंडीत परत टाक. बुबू, तू होडीवरच्या तांडेलाची लेक ना? मोरी माशाचा जबडा कुठल्या कुत्र्याला हार जाईल? तिचं कालवण तू वाटी चाटून खातेस. मिशा बघून जात ठरवायची तर आपल्या खाजूमामूंना घरात घेता आलं नसतं. त्या बाईनं माहेर उघडून दाखवलं आणि तू तिच्या दारात हात धुतलेस. जा आणि तिच्याकडचा चहा मागून पी.

हिरव्या काठाचं लुगडं मात्र मी विसरणार नाही.

तुझी धाकटी,
इस्मत


दम्माम,
४ फेब्रुवारी १९९१

७८६

चि. इस्मत हिला सलाम व अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र अजून नाही. टपालाचं काही खरं नाही.

मुलगी झाली! महिनाभर आधीच आली, भोंगा वाजत असताना. एवढीशी, बांगड्यासारखी. दवाखान्यात जखमींसाठी खाटा मोकळ्या ठेवायच्या होत्या, म्हणून लवकर घरी पाठवलं. घरी आणली तर अंग गार. दूध ओढेना. दुपटं काल घातलेलं तसंच कोरडं. हीटर लावावा तर त्या बंद खोलीत जीव घुसमटतो, आणि भोंगा झाला की पुन्हा तिथंच पळायचं. हम्माद डॉक्टर शोधायला गेला होता. मी पोरीचे तळवे चोळत होते, आणि खरं सांगते, मनात नको नको ते येत होतं.

तेवढ्यात अलिशाबी दारात. हातावर तो डगला. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आत पाऊल टाकीना. मेहनाजला हळूच काही बोलली. मेहनाज रडायला लागली, मला सांगेचना. मी ओरडले तेव्हा म्हणाली, पोर उघडी करून माझ्या उघड्या पाठीला लावायची आणि वरून हा घालायचा. आणि म्हणतेय, तुमच्या अम्मांना चालणार नसेल तर मी जाते.

इस्मत, मी तिला हाताला धरून आत ओढली. म्हटलं, नापाक तर नापाक, सातदा काय सत्तरदा धुवीन, आधी पोर ऊब धरू दे. इतकी कोवळी पोर पाठीला बांधली म्हणून आपली सुईण माझा जीव घेईल, तो घेऊ दे. अलिशाबीनं कमरेला पट्टा आवळला, म्हणजे पोर खाली सरकत नाही. वरून टोपी ओढली. मेहनाजला म्हणाली, बसू नकोस, डुलत चाल. ती चालत होती, आम्ही दोघी मागे मागे, लग्नाच्या वरातीसारख्या.

दुपार ढळल्यावर, असरच्या नमाजाच्या सुमारास पोरीनं आवाज केला. दूध ओढलं, थोडं, मग आणखी. पुन्हा पाठीवर घेतली. आणि जरा वेळानं मेहनाज किंचाळली. मला वाटलं, झालं, खलास. तर ती हसतेय! पाठीवरून गरम गरम ओघळ. माझ्या नातीनं डगला भिजवला गे! मी फडकं घेऊन धावले, तो तर अलिशाबीच्या आईच्या हातचा, कोरा ठेवलेला. अलिशाबीनं माझा हात धरला. पुसू दिलं नाही. रडत होती आणि हसत होती, मग मीही तेच केलं.

आता पोरगी दिवसातून किती वेळा भिजवते, मोजायचं मी सोडलं. लोकांना डगल्याचा वास येतो, मला नाही येत.

माया पातळ होऊ देऊ नकोस, पोरीसाठी एखादं नाव सुचव.

तुझी बुबू,
ताजुन्निसा