चार मिनिटांत मिळालेला होकार

ती. दादांना,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात 'आता बरा आहे' एवढंच होतं. डावा की उजवा, ते नव्हतं. तक्रार दोन्हींची होती, म्हणून विचारतो. इकडे सगळं ठीक. तुमची बहीणही ठीक, फक्त गेले पाच दिवस माझ्याशी मोजकंच बोलते. कारण खाली येईलच.

आमच्या पाणीपुरवठ्याचे नवे मुख्य इंजिनियर तुमचे विद्यार्थी, हे तुम्ही जाणताच. (गणित तुम्ही शिकवलंत. बाकी काय काय शिकवलंत, तेही कळवा.) त्यांनी येताच संयुक्त समिती काढली. चार माणसं प्रशासनाची, चार युनियनची. आठांपैकी एकानेही 'नाही' म्हटलं, तर ठराव तीन महिने पुढे (साहेबांनी खास बैठक बोलावली तर गोष्ट वेगळी). टेबलही गोल आणलंय. पूर्वी लांबट होतं, पलीकडे ते, अलीकडे आम्ही. रागाने कोणाकडे बघायचं ते पक्कं असायचं. आता त्यांचा कामगार अधिकारी माझ्या शेजारीच बसतो आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवतो. मी खात नाही.

माझी मागणी अकरा वर्षांची. व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये माणूस उतरला, की वर दुसरा माणूस दोरी धरून हवाच. खाली वायू साचतो. (दोन वर्षांपूर्वी आमचा फिटर आत बेशुद्ध पडला. वाचला, कारण रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्याने सहज डोकावलं.) यासाठी मी दोनदा उपोषणाला बसलो, शाळा सातवीत सुटलेली, तरी सुरक्षेचे सगळे नियम शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. आणि साहेबांनी काय करावं? कागद वाचला, "बरोबर आहे, करू या" म्हणाले. चार मिनिटांत. (भिंतीवरचं घड्याळ जरा जोरात पळतं, ते धरून.)

दादा, अकरा वर्षं जे दार मी खांद्याने ढकलत होतो, ते कोणी आतून उघडलं, तर मी तोंडावर पडणारच की. मसुदा घरी आणला, नऊ वेळा वाचला, उजेडात धरून पाहिला. सतरा हरकती काढल्या. 'दोरी' लिहिलंय, लांबी कुठाय? 'उभा राहील' लिहिलंय, बसला तर? साहेबांनी सतराही मान्य केल्या, वर अठरावी स्वतः सुचवली. तिथे माझी खात्रीच झाली की कुठेतरी पाणी मुरतंय. मत विचारलं तेव्हा सात जण 'हो' म्हणाले. मी 'नाही'.

आमच्या चौघांत तो वाचलेला फिटरही आहे. तो म्हणाला, "अहो, पण मागणी कोणाची होती?"

"माझीच. म्हणून तर सांगतो, घाई नको."

"अकरा वर्षांनी घाई? बरं. उद्या बाजारातल्या चेंबरात मी एकटाच उतरतो. तुम्ही वरून हरकती वाचून दाखवा."

तेव्हापासून मी रजा टाकून त्याच्या चेंबरच्या तोंडाशी दोरी धरून उभा असतो. (लांबी बारा मीटर, मोजलेली.) पण चेंबर्स शहरभर आणि मी एकटा, बाकीचे अजून तसेच उतरतात. तुमची बहीण म्हणते, "पाण्याचा पेला दिला तरी आधी वास घेता तुम्ही." घेतो. पाणीपुरवठ्यात आहे मी.

वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. : एक बारीकसं काम. साहेब तुमचा शब्द मोडणार नाहीत. त्यांना म्हणावं, खास बैठक बोलवा, आणि मी मागणी मांडली की निदान अर्धा तास ठाम 'नाही' म्हणा. त्यांनी एकदा धड विरोध केला, की मला विश्वासाने सही करता येईल. माझं नाव येऊ देऊ नका.

आणखी ता. क. : पत्र टाकायला निघालो तोच नोटीस आली. सोमवारी खास बैठक. खाली साहेबांच्या हस्ताक्षरात, 'दुसऱ्या माणसाच्या मागणीला प्रशासनाचा तीव्र विरोध राहील.' वाचून फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, पत्र तर अजून माझ्या खिशात आहे. तुमची बहीण तेवढ्यात खिडकीबाहेर बघायला लागली. तिने तुम्हाला फोन केला होता का, याची मी चौकशी करणार आहेच. पण मंगळवारी. सोमवारी आधी सही करतो.