फोमच्या मशीनवरची माझी जागा

मी, मीनल श्यामराव ढोबळे, वय अठरा पुरे, राहणार रायपूर. बाबाची चौकीदारी सुटली तेव्हा माझी शाळाही सुटली. डोकं ठिकाणावर आहे, दम तेवढा ठिकाणावर नाही. लोकाईसमोर तोंडातून शब्द निघत नाही, म्हणून लिहून राहिली. जबरदस्ती कोणाची नाही.

गाद्यांच्या कारखान्यात मी फोमच्या मशीनवर होती. केमिकल मिसळलं की फोम फुगते आणि माझी छाती आवळते. रविवारी घरी बरी, सोमवारी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणे, कामानं झालेला दमा आहे, मशीन सोड. सेठ म्हणे, खानदानी आहे. आमच्या खानदानात आजवर काहीच नव्हतं, मले बरंच वाटलं.

तर मी मेल्यावर:

एक. दम्याचा पंप सुपरवायझर देवीदास भैयाले. माझी छाती वाजली की म्हणायचे, "काहून शिट्टी मारून राहिली? दिसते तर मोठी लाजाळू!" आता त्याईनं वाजवावी.

दोन. कारखान्यात मास्क भेटत नाही, सुट्टी होताना गुळाचा खडा भेटते. "खा, छाती साफ होते." नाही म्हणायची लाज वाटे, म्हणून ओढणीत बांधून घरी आणत होती. डबा भरला आहे. तो सेठले. मशीनपाशी उभं राहून खावा. मुंग्या लागल्या असतील तर त्याही त्याईच्याच.

मास्क एकदा भेटला होता, तपासणीवाले साहेब आले तेव्हा. ते गेले, मास्कही गेला. म्हणून तो कोणाले देता येत नाही.

तीन. सायकल लहान बहीण अनुश्रीले, शाळेत जायले. कारखान्याच्या रस्त्यानं नेली तर चाकातली हवा निघो.

चार. मशीनवरची माझी जागा. बाबा देवीदास भैयाले सांगून आले, "मोठी नाही तर लहानी येईल, सोमवारपासून." भैया म्हणे, "हव, भेज दो." अनुश्री आत्ताच दहावीत गेली. ही जागा मी कोणालेच देत नाही. जागा माझी नाही म्हणाल, तर दमा तर माझा आहे ना? तो जागेसोबतच जाते, वेगळा निघत नाही.

पाच. बाबाले काही नाही. राग नाही. समता कॉलोनीतल्या दवाखान्याच्या नर्स लता दीदी म्हणे, ज्याले काही भेटते त्यानं साक्षीदार होऊ नये. मले बाबाचीच सही पाहिजे. सही करायची तर वाचावं लागते.

दम खात लिहिलं, म्हणून अक्षर तिरपं आहे. मर्जी सरळ आहे.

मीनल ढोबळे
रायपूर, रविवार, १६ जून २०१९

साक्षीदार:
लता बोरकर, नर्स
श्यामराव ढोबळे

(बाबानं चौथं कलम दोनदा वाचलं. मग पेन मागितला. सही करून अनुश्रीले म्हणे, "पोट्टे, उद्या शाळा आहे ना? सायकलीत हवा भर.")