इंजिन, शिट्टीसकट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती (आता बंद), पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायको डोक्याशी उभी आहे, पण ती नेहमीच असते.

१. घर व बँकेतील शिल्लक बायकोला. त्याआधी तिला नवा कुकर घेऊन द्यावा. कारण पुढे येईल.

२. घड्याळाची हत्यारे वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना. माझ्या इंजिनाच्या बॉयलरला बारीक भोके पाडायला त्यांनी आपले ड्रिल दिले होते. परत केले तेव्हा ते धड नव्हते. डॉक्टर अजूनही जिन्यात सभ्यपणे हसतात, हे मला सहन होत नाही.

३. माझे वाफेचे इंजिन: खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचे, हाताने घडवलेले. तेवीस वर्षांत बॉयलर तीनदा बदलला, चाके दोनदा. रूळ जेवणाच्या टेबलाखालून जातात. पाहुण्यांनी पाय वर घेऊन जेवायचे, ही घरची रीत पुढेही पाळावी.

४. नवी शिट्टी बसवली त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ही तर कुकरची शिट्टी!" मी त्याला घराबाहेर काढले. अकरा वर्षे अबोला आहे. आता लिहितो: शिट्टी कुकरचीच होती. मी घडवलेली काही केल्या वाजेना, आणि पाहुणे तर पाय वर घेऊन बसले होते. बायकोला ठाऊक होते. अकरा वर्षे तिने बटाटे पातेल्यात उकडले, चकार शब्द काढला नाही. झाकण मात्र रोज आदळले. भावाची मला फार आठवण येते.

५. इंजिन शिट्टीसकट भावाला द्यावे. पण साक्षीदाराला मिळकतीतले काही घेता येत नाही, असे वकीलबाईंनी बजावले आहे. म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार म्हणूनच बोलावले आहे. राग असेल तर खुशाल सही करावी. इंजिन भंगारवाल्याकडे जाईल. माफी मागायची मला सवय नाही. एवढीच जमली.

ठिकाण: जेवणाची खोली. दिनांक: १४ मार्च.

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार १: समोरचा न्हावी (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ (ओळ खोडली आहे)

वकीलबाईंची नोंद: धाकटे बंधू आले. कलम ४ दोनदा वाचले. म्हणाले, "पेन राहू दे, दादा. तेलाची कुपी कुठे ठेवलीस?" त्यांच्या जागी मी सही केली आहे, पाय वर घेऊन.