कॅमेऱ्याच्या मागे

नाशिक,
८ जून २०२५

चि. चैताली हिस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तू पाठवलेलं यंत्र पोचलं. ओझरच्या कारखान्यात कान गेले ते गेलेच, फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या प्रफुल्लदादाने ते डबडं माझ्या डोळ्यांवर बांधलं आणि मी बसल्या जागी तुझ्या लग्नाच्या हॉलमध्ये! मान वळवावी तिकडे पाहुणे. मी खुळ्यासारखा प्रत्येकाला जयभीम घालत होतो. सूनबाई हसून हसून बेजार.

आणि तुझी आई सापडली. तिची खोड तुला माहीतच आहे. कुठेही शूटिंग दिसलं, की कुणी बाजूला व्हा म्हणायच्या आत ही कॅमेऱ्याच्या मागे. इथेही तेच केलंय. तिला काय ठाऊक, हा कॅमेरा चारी बाजूंनी बघतो! लपायला गेली आणि साऱ्या वऱ्हाडात तीच सगळ्यांत जवळ दिसते. ती गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर हसलो बघ.

जावईबापूंना आशीर्वाद सांग. आमच्यावरचा लोभ पुण्याच्या गडबडीत पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे अप्पा

पुणे,
१५ जून २०२५

ती. अप्पांस,
चैतालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा रडले. खरं सांगू? फोटोग्राफरने दिलेली ती फिल्म मी अजून पाहिलेली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी यायच्या आतच आई गेली, मग बघायचा धीरच झाला नाही. यंत्र घेतलं, ती त्यात भरून घेतली आणि तसंच तुमच्याकडे धाडलं.

आता मात्र मलाही आई बघायची आहे. माझ्याकडचे तिचे सगळे फोटो अर्धे, कुठे नुसता खांदा, कुठे पदर. जुलैच्या पहिल्या रविवारी यंत्र न्यायला येते. तोवर तुम्ही मनसोक्त बघा, पण जेवणाच्या वेळा सांभाळा. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
चैताली

नाशिक,
१९ जून २०२५

प्रिय चैताली,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र अप्पांच्या नकळत लिहितेय. ते आता हसत नाहीत गं. अंघोळ झाली की यंत्र लावतात, जेवायला हाक मारली तरी काढत नाहीत. त्या यंत्रातल्या माणसांना ओरडतात, अरे प्रफुल्ल, मागे बघ. कधी कधी स्वतःलाच हाक मारतात, रंगनाथ, मागे बघ म्हणून. परवा हात पुढे करून चालायला लागले आणि कपाटावर आदळले. कपाळाला खोक पडली. हे रागावले, तर अप्पा म्हणाले, कितीही चाललं तरी ती तेवढीच लांब राहते.

मी बघायला मागितलं तर देत नाहीत. उलट तुला यंत्र बिघडलं म्हणून कळवायला सांगतात. हे दिवसभर अंबडला कामावर. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून ओढून कसं घ्यायचं, आणि नुसतं बघत तरी कसं बसायचं? माझी मती गुंग झाली आहे. तूच काय ते ठरव. प्रेम आहेच, ते असू दे.

तुझी वहिनी,
रोहिणी

नाशिक,
२६ जून २०२५

चि. चैताली हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

यंत्र बिघडल्याचं लिहिणार होतो, पण तू यायची ती येणारच. तेव्हा माझ्याकडूनच ऐक.

पहिल्या दिवशी मी सगळीकडे भिरभिर बघत होतो, तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. वंदना झाली, मंगलकामना झाल्या, सगळे जेवायला उठले. तेव्हा ती कॅमेऱ्यामागे एका खुर्चीवर बसते. छाती दाबून धरते. घाम पुसते, पुन्हा पुसते. पार वाकून जाते. समोर तू स्टेजवर हसते आहेस, मी व्याह्यांना जिलेबीचा आग्रह करतोय. कुणी म्हणून मागे बघत नाही. डॉक्टर म्हणाले होते, अचानक झालं. अचानक नव्हतं पोरी. तुझ्या लग्नात विघ्न नको म्हणून तिने ते गिळलं. त्या हॉलमध्ये मी रोज जातो आणि काहीही करू शकत नाही.

तुझी आई आहे, तुला नाही कसं म्हणू? घेऊन जा. फक्त एकटी बघू नकोस, जावईबापूंना शेजारी बसव.

शेवटी ती उठते, पदर सारखा करते, तोंड हसरं करते आणि स्टेजवर येऊन तुझ्या कानाशी काहीतरी बोलते. तेवढं लांबचं बोलणं त्या कॅमेऱ्यात आलेलं नाही. ती काय म्हणाली, तेवढं मला कळव. बाकी तुझ्या मायेवरच दिवस चालले आहेत.

तुझे अप्पा

पुणे,
१ जुलै २०२५

ती. अप्पांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

रविवारी येते. यंत्र न्यायला नाही, तुमच्याजवळ बसायला. ती फिल्म बघावी की बघू नये, मला काही सुचत नाही. दादा-वहिनीला जयभीम सांगा, आणि तुम्ही माझ्यावर रागावू नका एवढंच मागणं.

तुम्ही विचारलंत ते लिहूनच कळवते, समोर बसून सांगता येणार नाही. आई म्हणाली, किती वेळची उभी आहेस, दमलीस ना गं, बस जरा.

आणि मी बसले.

तुमची,
चैताली