वर्ध्याचा चंद्र सकाळी सव्वाआठला

२ जुलै
अत्यंत खेदाने नमूद: माझा जेवणाचा पाट गेला. कन्या गार्गीने कॉम्प्युटरच्या डब्याखाली सरकवला. फरशीला ओल येते म्हणे. मला लागत नाही काय? शिवाय इंटरनेटपायी फोन दिवसभर एंगेज. पेपरला बातमी द्यायला प्रस्तुत वार्ताहर एसटीडी बूथवर.

कारण मात्र मोठं. कन्येचा पंचांगाचा प्रोग्रॅम (फुकट, कोडही सगळ्यांना खुला) अशाच प्रोग्रॅमच्या परदेशातल्या एका मोठ्या संग्रहात घेताहेत. सीडीवरून देशोदेशी जाणार! अट एकच. चंद्र-सूर्याचं गणित करणारी लायब्ररी (पुस्तकांची नव्हे, तयार कोडची) परदेशातल्या एका म्हाताऱ्याने लिहिलेली, गा.ने तिची जुनी प्रत आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात ठेवली आहे. ती काढा, म्हणतात. सिस्टिमवर सगळ्यांसाठी एक प्रत असतेच, ती वापरा.

मी: आमची आत्या लग्नाला जाताना स्वतःचा स्टोव्ह न्यायची. बोलायची कुणाची बिशाद नव्हती.
गा.: आणि स्टोव्ह गळका निघाला तर? मांडववाल्याला पत्ताच नाही. अशा घरोघरच्या जुन्या प्रती दुरुस्त कोण करणार, बाबा?
न्यायशास्त्र मी शिकलो, वाद ही जिंकते.

६ जुलै
काढली. आता प्रोग्रॅम सिस्टिमवरच्या नव्या लायब्ररीवर चालतो. संग्रहात गेलासुद्धा. आमच्या पिपरी मेघेत भेटेल त्याला सांगितलं. दूधवाल्याला दोनदा.

१० जुलै, संकष्टी
काल संध्याकाळी चंद्रोदयाचा कागद छापून शेजारी निर्मलाताईंकडे टाकला होता, नेहमीसारखा. न वाचता. आज सकाळीच त्या दारात.
"भाऊ, तुमच्या पोरीचा चंद्र सकाळी सव्वाआठले उगवून राह्यला. फराळ करून घेऊ का?"
मी: कलियुग आहे, ताई.
"हसून घ्या. पण आभाळात काई दिसते का? मी त तुमच्या कागदावरच उपास सोडते. इतक्या बायांले मीच टाइम सांगते न."
गा. पांढरी पडली. कागद आमच्या गल्लीत, पण प्रोग्रॅम देशोदेशी गेलेला.

११ जुलै
सापडलं. जुन्या लायब्ररीत पूर्वेचे रेखांश वजा, नव्यात अधिक. म्हाताऱ्याने मध्येच पद्धत बदलली, आम्हाला पत्ता नाही. वर्धा पृथ्वीच्या पलीकडे जाऊन बसली होती.
म्हटलं, घाल जुनी प्रत परत पोटात, मिटलं.
"नाही."
आजीवर गेली आहे.

१४ जुलै
प्रोग्रॅम आता सुरू होतानाच लायब्ररीला तिची आवृत्ती विचारतो, आणि तसं अधिक-वजाचं चिन्ह धरतो. वर एक परीक्षा: गेल्या काही वर्षांच्या संकष्टींचे चंद्रोदय बरोबर आले तरच प्रोग्रॅम तयार होतो, नाहीतर अडून बसतो. त्या वेळा मी दिल्या. छापील पंचांगातून नागपूरच्या वाचल्या, गा.ने वर्ध्याचा फरक घातला. इथे चंद्र जरा उशिरा. इथे सगळंच.
नवी आवृत्ती संग्रहात पोचली. नि.ताईंना नवा कागद. यावेळी वाचून.

२९ जुलै
म्हाताऱ्याची मेल! गा.ने त्याला कळवलं होतं, असा बदल ठळक लिहीत जा. त्याने माफी मागितली, आणि आमची ती चंद्रोदयाची परीक्षा त्याच्या लायब्ररीतच सामील करून घेतली. म्हणजे यापुढे जगात कुणीही त्या लायब्ररीला हात लावला, तर वर्ध्याचा चंद्र वेळेवर उगवतो का ते आधी बघावं लागणार. सेवाग्राममुळे जगाला वर्धा ठाऊक होतीच. आता गणितानेही.
पेढे. पाट परत मागणार नाही.

३० जुलै
मेलचा शेवट काल लिहिला नाही. म्हातारा म्हणतो, डोळे गेले, मदतीला कुणी नाही. लायब्ररी तू सांभाळशील का? गा. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. विचारलं तर "बघू."

अभिमान आहेच. पण खरं लिहायचं तर भीती वाटते. इतके प्रोग्रॅम त्या एका माणसावर उभे होते, आणि त्याच्या शेजारी कुणीच नाही. उद्या तिथे ही. थकली तर कुणाला सांगेल? मला त्यातलं काही येत नाही. मी फक्त पंचांग वाचून दाखवू शकतो. तेही हल्ली खिडकीपाशी उजेडाला बसून.