धोंडाआक्काच्या नावाचा दाखला

३ सप्टेंबर १९८२, लातूर

नगरपालिकेचा माणूस येऊन गेला. खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या बाईची सरकारी दवाखान्यात तपासणी करायची — छातीचा फोटो, थुंकी, सगळं. महिनाअखेर आरोग्याचा दाखला नाही, तर खानावळीला कुलूप! मी विचारलं, माझीही तपासणी का? तर म्हणाला, मालकिणीचं नको, चुलीपुढं बसते तिचं आणा.

लातूर जिल्हा होऊन अजून तीन आठवडेही नाहीत. उस्मानाबादेत होतो तेच बरं होतं. कायदे तिकडून निघायचे आणि वाटेतच कुठंतरी दमून बसायचे. आता कलेक्टर कचेरी इथंच आली. तिथले सहा कारकून माझ्याकडं जेवतात, तेव्हा तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू?

४ सप्टेंबर

धोंडाआक्का ऐकूनच गार पडली. दहा वर्षं माझ्या चुलीपुढं बसते. भाकरी तिच्याच हातची. धुरानं खोकते, म्हणून फोटोत काहीतरी निघणार आणि आपण रस्त्यावर येणार, हे तिनं ठरवूनच टाकलं! तिला कुणी नाही. औशाला एक भाची, तीही नावालाच. दिवसभरात भाकरी मात्र एकही करपली नाही.

५ सप्टेंबर

यंदाही पावसानं ओढ दिली आहे. नळावर रांगेत उभी होते आणि बहात्तरचा दुष्काळ आठवला.

औशाच्या बाजूला पाझर तलावाचं काम होतं. मी नवी विधवा, टोपलं उचलायची सवय नाही. तिसऱ्या दिवशी मातीच्या ढिगावरच चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तर एक अनोळखी बाई तोंडावर पाणी मारत होती. तीच आक्का. वाट्याला आलेली अर्धी सुकडी माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "खा माय. मेल्यावर हजेरी लागत न्हाई."

आणि ती अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी! कुणालाच थापता यायची नाही, परातीतच तुटायची. आक्का पीठ उकळत्या पाण्यात मळायची आणि अख्खी भाकरी तव्यावर टाकायची. मग मिस्त्री तिच्याकडं पीठ आणून देऊ लागला, त्याचं बघून मुकादम, मग हजेरी घेणारा. तीन दगडांची चूल, वर छप्पर नाही. तीच आमची पहिली खानावळ. काय दिवस होते! पोटात काही नसायचं आणि आम्ही दोघी हसत असायचो. कशाला हसायचो तेही आता आठवत नाही. आज पत्रा आहे, टेबलं आहेत, तरी त्या चुलीसाठी जीव तुटतो.

७ सप्टेंबर

ठरलं! आक्काच्या नावानं मीच जाणार. दोघींत दहा वर्षांचं अंतर आहे, पण डोक्यावर पदर घेतलेल्या बाईच्या तोंडाकडं बघतो कोण? आक्का म्हणत होती, अंगाशी येईल. मी ऐकेन तर ना!

९ सप्टेंबर

जाऊन आले. "धोंडाबाई" असा तीनदा पुकारा झाला, तेव्हा कुठं कळलं की ती मीच! सातवी शिकलेली मी मुकाट्यानं अंगठा उठवून आले. शौचाचा नमुना काड्यापेटीत न्यायचा असतो — टांग्यात शेजारच्यानं नेमकी विडीसाठी काडी मागितली. घरी येऊन सांगितलं तर आक्का पोट धरधरून हसली. किती वर्षांनी! वाटलं, आम्ही अजून तलावाच्या कामावरच आहोत.

१७ सप्टेंबर

डॉक्टर समजुतीनं बोलले, "धोंडाबाई, छातीत डाग आहे. थुंकीतही आलंय. क्षय आहे."

मी मागं वळून आक्काला शोधलं! मग डोक्यात उजेड पडला.

संध्याकाळी अंगात कणकण असायची, ती मी चुलीच्या धगीवर ढकलत होते. दीड वर्ष सुया आणि गोळ्या. तोवर दुसऱ्याच्या अन्नाला हात लावायचा नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

१८ सप्टेंबर

आक्काला सांगितलं. बराच वेळ पीठ चाळत राहिली. मग म्हणाली, "कागदावर माझं नाव हाय नं? ऱ्हाऊ दे तसंच. मी भाचीकडं जाते. तू माझ्या नावानं औषध घे, चुलीला दुसरी बाई ठेव. मालकिणीलाच क्षय हाय म्हणलं तर तुझ्याकडं कोण जेवंल?"

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

२० सप्टेंबर

आक्का औशाच्या गाडीत बसली. मी स्टँडवर गेले नाही.

२१ सप्टेंबर

जेवताना शेषेरावांनी विचारलं, म्हातारी दिसत नाही? हे सहा कारकुनांतले सगळ्यांत वडीलधारे. तिच्या छातीचं निघालं, एवढंच मी म्हणाले. त्यांचा घास हातातच राहिला. महिनाभर तिच्या हातचं खाल्लं, वेळेत घालवलीत ते बरं केलंत, म्हणाले. दुसऱ्यानं तिची परात फेकून द्यायला सांगितली.

मी वाकून त्यांच्या ताटात भाकरी वाढत होते.

२२ सप्टेंबर

औशाच्या गाडीचा कंडक्टर मल्लिकार्जुन चहाला थांबला. सांगत होता, तुमची म्हातारी परवापासून तिथं स्टँडवरच बसून आहे. भाचीनं घरात घेतलं नाही. आक्कानंच दारात सांगितलं म्हणे, "मला क्षय हाय."

तिथंसुद्धा! सख्ख्या भाचीलाही खरं सांगितलं नाही.

२३ सप्टेंबर, औसा

सकाळी सहाही जणांना सांगितलं, फोटो माझ्या छातीचा होता. कुणी जेवलं नाही. दवाखान्यात जाऊन कागदावर माझं नाव घालून घेतलं. आता औशाच्या स्टँडवर आहे. आक्का माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे. मी तोंडाला पदर बांधून बसले आहे.