पिवळ्या स्टँडमधली निळी ओढणी

क्लेमेंटी, शनिवार, १८ ऑगस्ट २००७

चूक माझीच. मेईने दोनदा सांगितलं होतं, फायनलला पिवळं घालून ये. लॅबमध्ये ती माझ्या शेजारच्या टेबलावर, आणि फुटबॉलमध्ये आमच्या विभागाची कॅप्टन. पण महत्त्वाचा दिवस म्हटला की माझा हात आपसूक निळ्या ओढणीकडे जातो. जयंतीच्या मिरवणुकीसाठी आईने घेऊन दिलेली. युनिव्हर्सिटीच्या मैदानावर पोचल्यावर कळलं, समोरची टीम निळी!

एक विद्यार्थिनी पिवळा टी-शर्ट घेऊन धावत आली. "आंटी, ब्लू कॅनॉट ला!" म्हणजे इथल्या इंग्रजीत, निळं चालायचं नाही. मी तो चढवला, वरून ओढणी घेतली. तिला तेवढं चाललं.

मागे बसलेल्या देशपांड्यांना नाही चाललं. आमच्याच ब्लॉकमधले, पुण्याचे. म्हणाले, "अहो मेश्राम मॅडम, जयंती झाली ना? निळं इथे तरी सोडा." आणि मी? ओशाळून हसले. का हसले मी?

अगदी शेवटी मेईने गोल मारला. मी बाकावर उभी राहिले, ओढणी काढून डोक्यावर गरागरा फिरवली, घसा बसेपर्यंत ओरडले. सगळ्या पिवळ्यात एकच निळं. टोक देशपांड्यांच्या चष्म्याला लागलं. लागू दे.

तेव्हा सुचलं नाही ते आता लिहिते. सोडायचीच असती तर नागपुरातच सोडली असती, देशपांडे. विमानात वीसच किलो नेऊ देत होते, त्यातही ती आणली.